करमाळ्याचा उमेदवार

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेल्या करमाळा तालुक्याने १९७४ साली एका पोटनिवडणुकीत, पोलीस खात्यातील नोकरीचा राजीनामा देऊन आलेल्या एका तरुणाला विधानसभेवर पाठवले. पुढील चार दशकांत हा तरुण राज्याचा अर्थमंत्री, उपराष्ट्रपतिपदाचा उमेदवार, महाराष्ट्राचा पहिला दलित मुख्यमंत्री, आंध्र प्रदेशचा राज्यपाल, केंद्रीय ऊर्जामंत्री आणि अखेरीस देशाचा गृहमंत्री झाला. सुशीलकुमार शिंदे यांचा हा प्रवास ‘कोर्टातील पट्टेवाला ते गृहमंत्री’ अशा शब्दांत सांगण्याची महाराष्ट्रात पद्धत आहे. ती खोटी नाही, परंतु तेवढ्याने या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही. शिंदे यांना मिळालेले जवळजवळ प्रत्येक मोठे पद पक्षाने दिले आणि पक्षाने मागताच त्यांनी ते तक्रार न करता सोडले. ज्या स्वभावामुळे ते वर चढत गेले, त्याच स्वभावात त्यांच्या बहुतेक वादांचेही मूळ सापडते. हा स्वभाव कसा घडला, हे समजण्यासाठी करमाळ्याच्या त्या पहिल्या निवडणुकीकडे नीट पाहावे लागते.

शिंदे यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४१ रोजी सोलापुरात झाला. ते ज्या ढोर समाजातील आहेत, त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय कातडी कमावण्याचा असून, बाराव्या शतकातील वीरशैव शरण कक्कय्या यांच्याशी हा समाज आपले नाते सांगतो. कल्याणच्या शरण चळवळीचा वारसा आणि कापड गिरण्यांची कामगार वस्ती हे दोन्ही सोलापूरच्या मातीत मिसळलेले आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात, गरिबीत वाढलेल्या शिंदे यांनी सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाल्याची नोकरी धरली, ती करता करता दयानंद महाविद्यालयातून शिक्षण घेतले आणि १९६५ च्या सुमारास ते फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक झाले. ही नोकरी त्यांनी सुमारे सहा वर्षे केली. मुंबईतील या नोकरीच्या काळात शरद पवार यांच्याशी त्यांचा परिचय वाढला आणि पवारांच्या आग्रहामुळे सरकारी नोकरीची शाश्वती सोडून ते १९७१ मध्ये काँग्रेसमध्ये दाखल झाले. अपेक्षा होती ती १९७२ च्या उमेदवारीची. पण ती मिळाली नाही. गरिबीतून वर आलेल्या माणसाने फौजदारकी सोडावी आणि तिकीटही हातचे जावे, ही केवढी मोठी जोखीम होती, याचा विचार त्यांच्या चरित्रात सहसा फारसा होत नाही.

करमाळ्याचे आमदार तायप्पा सोनवणे यांच्या निधनामुळे ही जागा रिकामी झाली आणि शिंदे यांना संधी मिळाली. करमाळा तेव्हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ होता. राखीव मतदारसंघ म्हणजे जिथे उमेदवार विशिष्ट समाजाचाच असावा लागतो, पण मतदान मात्र सर्व समाजांचे मतदार करतात. या व्यवस्थेचा उगम २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या पुणे करारात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या समाजाने आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडावा अशी होती; गांधीजींच्या उपोषणामुळे ती मागे पडली आणि संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागांची तडजोड झाली. या तडजोडीतून येणारा प्रतिनिधी निवडून येण्यासाठी आपल्या समाजापेक्षा इतर समाजांच्या मतांवर अवलंबून राहील, ही बाबासाहेबांची भीती होती. कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, कांशीराम यांनी ‘चमचा युग’ हे पुस्तक लिहून हीच टीका अत्यंत कठोर शब्दांत मांडली.

करमाळ्याच्या बाबतीत ही रचना प्रत्यक्षात कशी चालते, हे स्पष्ट दिसते. सोलापूर शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या या तालुक्याची एक सीमा अहिल्यानगरच्या कर्जत-जामखेडला, दुसरी धाराशिवच्या परंड्याला आणि तिसरी पुण्याच्या इंदापूरला भिडते. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे त्याचे रेल्वे स्थानक. आणि रावरंभा निंबाळकरांनी बांधलेले कमलाभवानीचे मंदिर, त्याचे शहाण्णव खांब व जवळची शहाण्णव पायऱ्यांची विहीर ही त्याची ओळख. विहिरीच्या त्या पायऱ्या एकामागून एक खाली जातात. पाण्यासाठी इतके खोल उतरावे लागणाऱ्या मुलखाचे वर्णन वेगळ्याने करण्याची गरज उरत नाही. पोटनिवडणूक झाली तेव्हा १९७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, राज्यभर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि बांधबंदिस्तीच्या सरकारी कामांवर होती, आणि सोलापूर जिल्हा त्याच्या ऐन झळीत सापडलेला होता. दुसरीकडे भीमेवरील उजनी धरणाचे काम चालू होते आणि त्याच्या फुगवट्याखाली तालुक्याच्या पश्चिमेची गावे जाणार होती. तालुक्याच्या राजकारणावर नामदेवराव जगताप यांच्यासारख्या मातब्बर नेत्यांची पकड होती. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्या, ना जमीन ना साखर कारखाना ना भावकी असलेल्या उमेदवाराला जिंकायचे, तर त्याला पक्षाची यंत्रणा, स्थानिक वजनदारांची संमती आणि स्वतःची गोड वाणी एवढ्याच गोष्टींचा आधार होता. शिंदे जिंकले. कुणालाही न दुखावता सर्वांना मान्य होण्याचा धडा त्यांनी इथे गिरवला आणि तो आयुष्यभर जपला.

निवडून आल्यावर अल्पावधीतच त्यांना राज्यमंत्रिपद मिळाले. १९७८ मध्ये पवारांनी वसंतदादा पाटील यांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे सरकार बनवले, तेव्हा शिंदे त्यांच्या बाजूला उभे राहिले. पवार १९८६ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. शिंदे मात्र त्यांच्या आधीच परतले होते. १९९९ मध्ये सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावरून पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली, तेव्हा तर शिंदे काँग्रेसमध्येच राहिले आणि त्याच वर्षी अमेठीत सोनिया गांधींच्या प्रचाराची धुरा त्यांच्याकडे होती. राजकारणात आणणाऱ्या माणसापेक्षा पक्ष मोठा मानण्याचा हा निर्णय होता, आणि त्यामुळे दोघांचे व्यक्तिगत संबंध तुटले नाहीत, ही महाराष्ट्राच्या राजकारणातील एक लक्षणीय गोष्ट मानावी लागते.

शिंदे यांच्या कामाचा सर्वांत भरीव, पण सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग अर्थमंत्रिपदाचा आहे. १९८० च्या दशकात मुख्यमंत्री बदलत राहिले, तरी राज्याची तिजोरी दीर्घकाळ शिंदे यांच्याकडे राहिली आणि विधिमंडळात त्यांनी एकूण नऊ अर्थसंकल्प मांडले. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९८६ च्या सुमारास महाराष्ट्राने शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग हाती घेतला. सामान्यतः सरकारी खात्याला गतवर्षी मिळालेल्या रकमेत थोडी भर घालून नवी तरतूद केली जाते. शून्याधारित पद्धतीत मात्र प्रत्येक योजनेने दरवर्षी आपली गरज मुळापासून, शून्यापासून सिद्ध करावी लागते, आणि जी योजना ती सिद्ध करू शकत नाही ती बंद करता येते. कागदावर साधी वाटणारी ही पद्धत अमलात आणताना खात्यांचा, कर्मचाऱ्यांचा आणि आमदारांचा विरोध पत्करावा लागतो. हा प्रयोग फार काळ टिकला नाही, परंतु वाद टाळणाऱ्या स्वभावाच्या या नेत्याने एका अप्रिय सुधारणेचे उत्तरदायित्व सभागृहात उचलले, याची नोंद घ्यायला हवी.

१९९२ ते १९९८ या काळात राज्यसभेत राहून शिंदे १९९८ आणि १९९९ मध्ये सोलापुरातून लोकसभेवर गेले. सोलापूर लोकसभा मतदारसंघ तेव्हा सर्वसाधारण होता. म्हणजे कोणत्याही समाजाच्या उमेदवाराला तो खुला असतानाही मतदारांनी त्यांना दोनदा निवडले. २००२ मध्ये पक्षाने त्यांना उपराष्ट्रपतिपदासाठी उभे केले. संसदेतील संख्याबळ पाहता पराभव निश्चित होता, तरीही ते उभे राहिले आणि भैरोंसिंह शेखावत यांच्या ४५४ मतांसमोर त्यांना ३०५ मते मिळाली. या आज्ञाधारकपणाचे फळ लवकरच मिळाले, असे म्हटले जाते. १८ जानेवारी २००३ रोजी विलासराव देशमुख यांच्या जागी शिंदे मुख्यमंत्री झाले. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते, या घटनात्मक अटीमुळे आनंदराव देवकते यांनी दक्षिण सोलापूरची जागा रिकामी केली आणि शिंदे तिथून विधानसभेवर गेले. पण त्यांनी सोडलेल्या लोकसभेच्या जागेवर देवकते उभे राहिले आणि भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील यांच्याकडून पराभूत झाले. पुढच्या वर्षी पत्नी उज्ज्वला शिंदे यांनाही त्याच जागेवर हार पत्करावी लागली. मुख्यमंत्र्यांच्या घरच्या जिल्ह्यात पायाखालची वाळू सरकू लागल्याची ही खूण होती.

त्यांचे मुख्यमंत्रिपद दोन वर्षांहून कमी काळ टिकले, पण तो काळ वादळी होता. बनावट मुद्रांक प्रकरणात मुंबईचे माजी पोलीस आयुक्त अटकेत गेले. एका वृत्तवाहिनीच्या कार्यालयावरील हल्ल्यानंतर उपमुख्यमंत्री व गृहमंत्री छगन भुजबळ यांनी डिसेंबर २००३ मध्ये राजीनामा दिला. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितांची व ग्रंथांची नासधूस झाली, आणि त्यानंतर सरकारने जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरच बंदी घातली. ही बंदी उच्च न्यायालयाने रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ग्रंथालय फोडणाऱ्यांपुढे राज्यसंस्था नमली, असा संदेश त्या बंदीतून गेला, आणि लोकक्षोभ शांत करण्याची घाई हे त्याचे कारण होते. याच काळात शेतकऱ्यांना मोफत वीज देण्याची घोषणा झाली. ती निवडणुकीत उपयोगी पडली, पण पुढच्याच वर्षी विलासरावांच्या सरकारने मागे घेतली. कुलाब्याच्या ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात चौकशी आयोगाने राजकीय आश्रयाचा उल्लेख करताना ज्या माजी मुख्यमंत्र्यांची नावे घेतली, त्यांत शिंदे यांचेही होते. सीबीआयने २०१२ मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रात मात्र ते आरोपी नव्हते.

ऑक्टोबर २००४ च्या निवडणुकीत आघाडीने सत्ता राखली, राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या, आणि मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले. तरीही शिंदे यांना ते पुन्हा मिळाले नाही. आपल्या नेतृत्वाखाली निवडणूक जिंकलेल्या मुख्यमंत्र्याला बाजूला करून राज्यपाल म्हणून हैदराबादला पाठवण्यात आले आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. दलित मुख्यमंत्री निवडणुकीपुरता हवा होता काय, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला, आणि तो रास्त होता.

जानेवारी २००६ मध्ये ते केंद्रात ऊर्जामंत्री झाले. त्या कारकिर्दीचा शेवट मात्र एका विलक्षण दिवशी झाला. देशातील वीजवाहिन्यांचे जाळे, म्हणजे ग्रिड, पन्नास हर्ट्‌झ या वारंवारतेभोवती चालते. एखाद्या भागाने ठरल्यापेक्षा जास्त वीज खेचली, तर प्रवाहाचा तोल जातो, वाहिन्या स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडतात आणि एकीचा भार दुसरीवर जाऊन साखळी तुटत जाते. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे उत्तर ग्रिड असेच कोसळले, आणि ३१ जुलैच्या दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही ग्रिडे बंद पडली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील रेल्वे, रुग्णालये आणि खाणी अंधारात गेल्या. पश्चिम ग्रिड वाचल्यामुळे महाराष्ट्राला त्याची झळ बसली नाही. त्याच ३१ जुलैच्या सायंकाळी शिंदे यांची गृहमंत्रिपदी नियुक्ती जाहीर झाली. बिघाडाची जबाबदारी अनेक राज्यांवर आणि केंद्र-राज्य यंत्रणांवर विभागलेली होती, हे खरे असले, तरी देशातील सर्वांत मोठ्या वीजसंकटाच्या दिवशी ऊर्जामंत्र्यांना बढती मिळणे, हे जनतेच्या मनाला पटण्यासारखे नव्हते.

गृहमंत्रिपदाची पावणेदोन वर्षे शिंदे यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण ठरली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात अजमल कसाबला फाशी देण्याची कारवाई त्यांनी पूर्ण गुप्ततेने पार पाडली आणि त्याचे देशभर स्वागत झाले. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहारमध्ये अफजल गुरूला फाशी देताना हीच पद्धत वापरण्यात आली, आणि दयेचा अर्ज फेटाळल्याचे स्पीड पोस्टने पाठवलेले पत्र काश्मीरमधील कुटुंबाच्या हाती फाशीनंतर दोन दिवसांनी पडले. गुन्हा कितीही भयंकर असो, अखेरची भेट नाकारणे कायद्याच्या राज्याला शोभत नाही. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दयेचा अर्ज फेटाळल्यानंतर फाशीपूर्वी चौदा दिवसांचा अवधी आणि कुटुंबाला पूर्वसूचना बंधनकारक केली.

दरम्यान शिंदे यांचे बोलणे त्यांना वारंवार अडचणीत आणत होते. कोळसा खाणवाटपाचे प्रकरण लोक बोफोर्ससारखेच विसरतील, असे ते पुण्यात बोलले आणि नंतर ते विनोदाने म्हटले होते, असा खुलासा त्यांना करावा लागला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर इंडिया गेटवर जमलेल्या तरुणांना भेटायला ते का गेले नाहीत, याचे उत्तर देताना त्यांनी उद्या माओवादीही निदर्शनाला येतील, अशा अर्थाची तुलना केली. भंडारा जिल्ह्यातील तीन बहिणींवरील कथित बलात्कार आणि त्यांच्या मृत्यूवर राज्यसभेत निवेदन करताना त्यांनी त्या मुलींची नावे वाचली. बलात्कारपीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याची मनाई असल्याने ती नावे कामकाजातून काढावी लागली. फौजदारकी केलेल्या माणसाकडून ही चूक अपेक्षित नव्हती. अधिकाऱ्यांनी तयार केलेला कागद जसाच्या तसा वाचण्याची सवय यामागे असावी, असे वाटते.

सर्वांत मोठा वाद २० जानेवारी २०१३ रोजी जयपूर येथील काँग्रेसच्या अधिवेशनात उद्भवला. भाजप आणि संघाच्या शिबिरांतून हिंदू दहशतवादाचे प्रशिक्षण दिले जाते, असे शिंदे यांनी जाहीरपणे म्हटले. त्याआधी २०१० मध्ये पी. चिदंबरम यांनी ‘भगवा दहशतवाद’ हा शब्दप्रयोग केलेला होता, आणि मालेगाव, समझौता एक्स्प्रेस व मक्का मशीद येथील स्फोटांचे खटले तेव्हा चालू होते. परंतु विशिष्ट आरोपींवरील खटले ही एक गोष्ट आणि देशाच्या गृहमंत्र्याने न्यायालयाच्या निकालाआधी एका विरोधी पक्षावर व संघटनेवर सरसकट आरोप करणे ही दुसरी. अर्थसंकल्पी अधिवेशन तोंडावर आल्यावर, २० फेब्रुवारीला, त्यांनी खेद व्यक्त केला. समझौता आणि मक्का मशीद खटल्यांतील आरोपी पुढे निर्दोष सुटले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी मालेगावच्या २००८ च्या स्फोटातील सातही आरोपींची मुक्तता झाली. राजकारणातून निवृत्त झाल्यावर एका मुलाखतीत, पक्षाकडून जे सांगण्यात आले ते आपण बोललो, पण ‘दहशतवाद’ हा शब्द त्याला जोडायला नको होता, या आशयाची कबुली शिंदे यांनी दिली. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली या कबुलीत आहे, कारण पक्षाने हाती दिलेला शब्द त्यांनी पद पेलावे तसाच पेलला होता.

तेलंगणाचे विधेयकही त्यांच्याच हातून मांडले गेले. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत त्या वेळी मिरपुडीचा फवारा मारण्यात आला, आणि पाच दिवसांनी थेट प्रक्षेपण बंद असताना विधेयक मंजूर झाले. ज्या अखंड आंध्र प्रदेशचे ते राज्यपाल होते, त्याच्या विभाजनावर गृहमंत्री म्हणून त्यांचे नाव लागले.

२००९ पासून सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्या वर्षी शिंदे जिंकले, पण २०१४ मध्ये शरद बनसोडे यांनी त्यांचा सुमारे दीड लाख मतांनी पराभव केला आणि २०१९ मध्ये जयसिद्धेश्वर स्वामी यांनी त्याहून थोड्या अधिक मतांनी. खुल्या जागेवर दोनदा जिंकलेला हा नेता राखीव जागेवर दोनदा हरला, हे त्यांच्या राजकारणाचे स्वरूप सांगून जाते. त्यांचा आधार एका समाजाची एकगठ्ठा मते हा कधीच नव्हता, सर्व थरांतील काँग्रेसची मते हा होता, आणि ती मते सरली तेव्हा दुसरे काही उरले नाही. २०१९ मध्ये बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर स्वतः सोलापुरात उभे राहिले आणि त्यांना सुमारे एक लाख ७० हजार मते मिळाली. ही मते शिंदे यांच्या पराभवाच्या अंतरापेक्षा जास्त होती. पुणे करारापासून चालत आलेला वाद, दलितांचा प्रतिनिधी कुणाला उत्तरदायी असावा हा वाद, त्या दिवशी सोलापूरच्या मतपत्रिकेवर दोन नावांच्या रूपाने समोरासमोर उभा होता.

२०२४ मध्ये कन्या प्रणिती शिंदे यांनी सोलापूरची जागा परत जिंकली. करमाळ्याचे मतदार मात्र त्या निवडणुकीत नव्हते. करमाळा विधानसभा मतदारसंघ २००९ पासून माढा लोकसभा मतदारसंघात आहे, आणि माढ्याचे पहिले खासदार होते शरद पवार. करमाळ्याचे राखीवपणही केव्हाच संपले असून आदिनाथ आणि मकाई या साखर कारखान्यांभोवती, जगताप, बागल आणि पाटील या नावांभोवती तालुक्याचे राजकारण फिरत राहिले आहे, आणि उजनीच्या पाण्यावर पश्चिमेच्या गावांत ऊस आणि केळीच्या बागा उभ्या आहेत.